मैत्रीचा भाव

दुबईत पोटासाठी गेलेल्या रत्नागिरीच्या तरुणाला सुटीवर निघालेला मित्र मोठा आधार वाटतो. त्याच्या हाती दिरहम सोपवावेत आणि त्याने घरी रुपये पोचवावेत, एवढीच अपेक्षा. परंतु हा मित्रच कित्येकदा मनमानी भाव लावून मधला फरक खिशात घालतो. वास्तविक १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेला आहे आणि रुपयाचा दर नाणेबदलाच्या दुकानांतील फलकांवर रोज लागतो. साहजिकच लबाडी फार काळ झाकून राहत नाही. रक्कम क्षुल्लक असते. पण परमुलखात, जिथे नातेवाईक नाहीत, तिथे परस्परविश्वास हेच माणसाचे भांडवल. कष्टाचा मोबदला घेण्यात गैर काही नाही. मात्र तो आधी सांगावा. उपकार म्हणून वसूल करू नये.