मारुती ८००च्या ब्रेकचा लाल दिवा

मारुती ८००च्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा दोनच गोष्टी सांगतो: हँडब्रेक ओढलेला आहे, किंवा डबीतले ब्रेक ऑइल कमी झाले आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. अमरावतीची एमएच २७ आणि अकोल्याची एमएच ३० ही पाटी लावलेल्या जुन्या ८०० मात्र अजून धावतात.

दिव्याची वायरिंग साधी आहे. बल्बच्या एका टोकाला चावीतून १२ व्होल्ट मिळतात. दुसरे टोक दोन स्विचांकडे जाते. एक हँडब्रेकच्या दांड्याखाली, दुसरा डबीतल्या तरंगत्या फ्लोटजवळ. कोणताही एक स्विच अर्थ झाला की दिवा लागतो. म्हणून तपासणीची सुरुवात हँडब्रेक ओढून करावी. चावी फिरवूनही दिवा लागला नाही, तर आधी बल्ब आणि फ्यूज पाहावा.

हँडब्रेक सोडूनही दिवा विझत नसेल, तर बॉनेट उघडून डबीतली पातळी पाहावी. पातळी बरोबर असल्यास फ्लोटचे कनेक्टर काढावे. दिवा विझला तर फ्लोट अडकला आहे. तसाच राहिला तर हँडब्रेकच्या स्विचची वायर काढावी. आता विझला, तर स्विच धुळीने अडलेला, गंजलेला किंवा वाकलेला असतो. तरीही जळत राहिला, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत हे काम बहुधा उंदरांचे असते.

पातळी खाली गेली असेल, तर नुसते ऑइल ओतून भागत नाही. पुढचे डिस्क पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि डबीतले ऑइल तिथे उतरते. पॅड बदलले की पातळी पुन्हा वर येते. पॅड जाड असूनही ऑइल कमी होत असेल, तर गळती शोधावी. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूचा ओला डाग व्हील सिलिंडरचे रबर गेल्याचे सांगतो. बूस्टर असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरची गळती बूस्टरमध्ये उतरते, त्यामुळे बाहेर थेंबही दिसत नाही.

काही दोष या दिव्याला कळतच नाहीत. मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत गळते, तेव्हा डबी भरलेलीच राहते. पॅडल अर्धा मिनिट दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली गेले, तर हा दोष समजावा. दुसरा दोष उष्णतेचा. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. मे महिन्यात चिखलदऱ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबले, तर असे जुने ऑइल उकळून नळीत वाफ होते आणि पॅडल मऊ पडते. दिवा मात्र विझलेलाच राहतो. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलून एअर काढावी आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

दिवा लागला आणि पॅडलही मऊ असेल, तर गाडी चालवू नये. टोचन करून गॅरेजला न्यावी.