होडी मिळाली, पण बांधायची कोठे?

डॉक्टराने एखादा छंद जोपासावा, असे आपण सारेच व्याख्यानांतून सांगत असतो आणि स्वतः मात्र सांगितलेले पथ्य पाळत नाही. मी ते उशिरा, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पाळावयाचे ठरविले. २०१८च्या दिवाळीनंतर दोना पावलाच्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडून एक जुनी शिडाची होडी मी विकत घेतली. किंमत एका नव्या स्कूटरपेक्षा थोडी अधिक. घरात या खरेदीचे स्वागत कसे झाले, ते विवाहित वाचकांस सांगावयास नको.

होडी फायबरग्लासची, साडेपाच मीटर लांबीची. एक डोलकाठी, दोन शिडे आणि मागे लावावयाचे छोटे इंजिन. पाहावयास जाताना खिशात गुडघ्याचे प्रतिक्षेप तपासण्याची हातोडी टाकून गेलो होतो. जुन्या होडीचे अंग ठोकून पाहावे, असे मी वाचले होते. थर शाबूत असतील तेथे खणखणीत नाद येतो. आतील लाकूड कुजले असेल अथवा थर सुटले असतील तेथे आवाज बद्द येतो. आपल्या व्यवसायाला यात नवीन काहीच नाही. छाती ठोकून तपासण्याची पद्धत ज्या लिओपोल्ड आउएनब्रुगरने १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली, तो ग्राझच्या खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य किती उरले हे पिंप ठोकून ओळखण्याची रीत त्याने लहानपणापासून पाहिलेली. म्हणजे मी ती विद्या पुन्हा पिंपाकडेच नेत होतो, इतकेच. डोलकाठीच्या बुडाशी वीतभर भाग बद्द वाजला. तळावर पाणी मुरून उठलेले फोडही होते. मालकांनी काहीच लपविले नाही, उलट मला न दिसलेला एक फोड स्वतः दाखविला. त्या एका गोष्टीवर मी व्यवहार पक्का केला.

येथवर सारे पुस्तकाप्रमाणे झाले. पण रायबंदरच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका वृद्ध मच्छीमाराने ही वार्ता ऐकली आणि एवढेच विचारले, “दोतोर, व्हडें घेतलें, पूण तें बांदतले खंय?”

मी रस्त्यालगतची एक सोयीची जागा मनाशी ठरविली होती. काकांनी (नाव देत नाही, ते रुग्णाचे कुटुंब आहे) मला भर ओहोटीला तेथे नेले. भरतीला जेथे केवळ पाणी दिसे, तेथे आता खांबांच्या रांगा उघड्या पडल्या होत्या. जाळी बांधावयाचे खांब. नदीत नांगरलेली होडी एका जागी स्थिर राहत नाही. मांडवीत भरती-ओहोटीचा प्रवाह सुमारे सहा-सहा तासांनी उलटतो आणि त्याबरोबर होडी फिरते. साखळी, दोर आणि होडीची लांबी धरली तर पंधरा मीटर त्रिज्येचे वर्तुळ ती व्यापते. माझ्या रविवारच्या हौसेचे ते वर्तुळ तीन घरांच्या रोजच्या जाळ्यांवरून फिरणार होते. हे मला नकाशात दिसले नव्हते.

मग काकांनी स्वतःची जागा दाखविली. खारफुटीच्या आडोशाला, नदीच्या वळणावर, जेथे त्यांची स्वतःची होडी चाळीस वर्षे उभी असे. मासेमारी सुटल्यावर ती विकली गेली होती. येथे माझी पंचाईत झाली. त्यांच्या पत्नीच्या मधुमेही पायाची जखम मी तीन महिने सांभाळली होती आणि पाय वाचला होता. त्या कृतज्ञतेतून आलेली जागा फुकट घेणे मला पटेना. पैसे घेणे त्यांना पटेना. आठवडाभर मी टाळले. अखेर तेच दवाखान्यात येऊन म्हणाले, “तुम्ही फी घेतलीत, मी दिली. आता होडीवर नजर ठेवण्याची फी मी घेईन, तुम्ही द्या.” दरमहाची रक्कम त्यांनीच ठरविली, माझ्या तपासणी-फीच्या बरोबर चौपट, आणि एक रुपयाही कमी केली नाही.

इंजिन असल्याने नोंदणी लागली. तीसाठी आणि जागेसाठी बंदर कप्तान खात्याकडे रीतसर अर्ज केले. त्यानंतरची विद्या मात्र काकांचीच. तीनशे किलोंचा काँक्रीटचा ठोकळा म्हणजे भरपूर, अशी माझी समजूत. परंतु पाण्याखाली तो जेमतेम पावणेदोनशे किलोंचे काम करतो. खरा जोर तो चिखलात रुतल्यावर येतो. म्हणून त्यांनी दोन ठोकळे टाकविले. उधाणाच्या भरतीला तेथे तीन मीटर पाणी. साखळी नऊ मीटर. साखळीला पीळ पडू नये म्हणून भोवरकडी, वर बोया. होडीच्या मधोमध खाली-वर सरकणारी फळी उचलली की ओहोटीला ती चिखलावर निवांत बसे. दर मेअखेरीस ती किनाऱ्यावर ओढावयाची, कारण पावसाळ्यात आग्वादचा बार बंद होतो आणि लाल पाण्याबरोबर ओंडके वाहत येतात. दुपारच्या समुद्रवाऱ्यावर चोडणपर्यंत शीड उभारून गेलेल्या त्या दोन मोसमांविषयी लिहावयाचे तर निराळा लेख होईल.

मे २०२१ मध्ये गोव्यात कोविडची दुसरी लाट शिगेला पोहोचली होती. ते दिवस आपणां कोणालाही वर्णन करून सांगण्याची गरज नाही. होडी किनाऱ्यावर घ्यावयाची राहिली आहे, हे तर सोडाच, होडी आहे याचेही मला भान नव्हते. १६ मे रोजी, रविवारी, तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे पडली, वीज गेली, दूरध्वनी बंद. दुपारी कधीतरी, एका रुग्णाच्या ऑक्सिजनची पातळी पाहत असताना, मला एकदम आठवले. आणि तितक्याच लवकर मी ते मनातून काढून टाकले.

बुधवारी नदीवर गेलो. बोया जागेवर नव्हता. होडीही नव्हती. काकांच्या अंगणात, दोन माडांच्या मध्ये, डोलकाठी उतरविलेली आणि पालथी घातलेली ती मला दिसली. शनिवारी दुपारीच त्यांनी चार मुले जमवून ती ओढून घेतली होती. मला कळविले का नाही, असे विचारता म्हणाले, “तुमच्याकडे तेव्हा माणसे होती.”

मुलांची मजुरी त्यांनी घेतली. स्वतःची वेगळी घेतली नाही. महिन्याच्या फीत ते काम येते म्हणाले.

पुढे साखळी वर काढली, तेव्हा खालच्या शॅकलची खीळ झिजून काडीएवढी उरलेली निघाली. ती तपासणे माझे काम होते. दोन मोसम मी ते केले नव्हते. ती खीळ माझ्या टेबलाच्या खणात, गुडघ्याच्या हातोडीशेजारी आहे.