नागरिक आईबाप आणि प्रौढ मुलें : अमेरिकेच्या कायद्यांतील रांग

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कुटुंबांत अलीकडे एक क्रम ठरूनच गेल्यासारखा झाला आहे. थोरला मुलगा अमेरिकेचा नागरिक होतो. तो आईबापांस तिकडे बोलावून घेतो. कायम रहिवासी म्हणून पांच वर्षें काढल्यावर आईबापहि तेथील नागरिकत्व पत्करतात. आणि मग पुण्यास किंवा नागपुरास मागें राहिलेल्या धाकट्याचा विचार सुरू होतो. “आम्ही नागरिक झालों, आतां त्याला अडचण कसली?” असें आईबाप मोठ्या विश्वासानें विचारतात. अडचण आहे, आणि ती आधींच नीट समजून घेतलेली बरी.

पाणिनीच्या शास्त्रांत ‘अपत्य’ ह्या शब्दास वयाची मर्यादा नाहीं. नातू-पणतूदेखील त्यांत येतात. अमेरिकेच्या कायद्यांतील ‘मूल’ मात्र एकवीस वर्षांच्या आंतील आणि अविवाहित असावें लागतें. नागरिकाचा पति किंवा पत्नी, असें लहान मूल, आणि नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा असल्यास त्याचे आईबाप, एवढ्यांस संख्येची मर्यादा नाहीं. म्हणूनच थोरल्यास आईबापांना त्या मानानें लौकर नेतां आलें. प्रौढ मुलांची गोष्ट निराळी. १९९० च्या कायद्यानें नागरिकांच्या प्रौढ अविवाहित मुलांसाठीं वर्षास सुमारे २३,४०० जागा ठेवल्या, आणि विवाहितांसाठींहि तितक्याच. साऱ्या जगांतील अर्जदार ह्या जागांवर हक्क सांगतात, आणि अर्जदाराची बायको व लहान मुलेंहि ह्याच संख्येंत मोजलीं जातात! २०२५ च्या अखेरीस अविवाहितांचे २०१६ सालचे आणि विवाहितांचे २०११ सालचे अर्ज निकालास येत होते, एवढ्यावरून रांगेची लांबी ध्यानांत येईल.

अर्ज मंजूर झाला म्हणजे नोकरीचा परवाना हातीं आला, असें समजणारे सुशिक्षित गृहस्थहि आमच्या पाहण्यांत आहेत. आय-१३० नांवाचा हा अर्ज मंजूर होणें ह्याचा अर्थ इतकाच कीं, हें नातें खरें आहे असें सरकारनें मान्य केलें, आणि अर्जाच्या तारखेनें रांगेंतील स्थान ठरलें. तेवढ्यावर अमेरिकेंत एक दिवस राहण्याचा किंवा एक डॉलर मिळविण्याचा अधिकार उत्पन्न होत नाहीं. भारतांतील मुलास आपली पाळी आल्यावर मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत मुलाखत द्यावी लागते. व्हिसा मिळून तो तेथें उतरला म्हणजे मग कामधंदा करण्यास मोकळा. दुसऱ्या परवान्यावर जो कायदेशीरपणें तेथेंच राहत असेल, त्यास पाळी आल्यावर तेथेंच कायम रहिवासाचा अर्ज करतां येतो, आणि त्या अर्जाच्या आधारें कामाची तात्पुरती परवानगी मागतां येते. तोंवर नाहीं.

उलट हा अर्ज कधीं कधीं आडवाहि येतो. प्रवासी किंवा विद्यार्थी म्हणून व्हिसा मागणाऱ्यानें आपण परत येणार अशी खात्री अधिकाऱ्यास पटवून द्यावयाची असते. आणि कायमचें राहण्याची इच्छा तर ह्या अर्जानें सरकारदफ्तरीं नोंदलेली असते.

आतां लग्नाचा प्रश्न. नागरिकाच्या मुलानें किंवा मुलीनें मध्यंतरीं लग्न केलें तर अर्ज बाद होत नाहीं, तो विवाहितांच्या अधिक लांब रांगेंत जातो. आईबाप अद्याप नागरिक न होतां केवळ ग्रीन कार्डधारक असतील, तर मात्र तो समूळ रद्द होतो. तेव्हां आईबापांनीं नागरिकत्व घेईपर्यंत वर्षभर लग्न लांबविणें आम्ही समजूं शकतों. परंतु दहा वर्षांच्या रांगेपायीं उपवर मुलीस घरीं बसवून ठेवणें आम्हांस मुळींच संमत नाहीं. तिच्या आयुष्याचा ऐन काळ त्यांत जातो.

सर्वांत नाजूक गोष्ट आईबापांपुढें कोणी काढीत नाहीं. अर्ज करणारा वारला, तर परदेशीं वाट पाहत असलेल्या मुलाचा अर्जहि सामान्यतः त्याच्याबरोबर संपतो. तो आधीं मंजूर झालेला असेल, तरच दयाबुद्धीनें पुन्हा चालू करावा अशी विनंती करतां येते; तीहि मान्य करणें सरकारच्या मर्जीवर. त्यासाठीं आर्थिक जामीन म्हणून दुसऱ्या जवळच्या नातलगानें पुढें यावें लागतें, आणि थोरला भाऊ तसा जामीन होऊं शकतो. सत्तरीच्या वडिलांनीं विवाहित मुलासाठीं आज अर्ज केला, तर हा हिशेब घरांत उघडपणें झाला पाहिजे. थोरल्यानें भाऊ ह्या नात्यानें स्वतःचा निराळा अर्जहि करून ठेवावा. कायद्याची त्यास आडकाठी नाहीं. भावंडांची रांग भारतीयांस याहून लांब आहे, २०२५ च्या अखेरीस तेथें २००६ सालचे अर्ज निघत होते. पण ती वृद्ध आईबापांच्या आयुष्यावर टांगलेली नाहीं.