नाटे ते नेपाळ आणि त्यापुढे: थोड्या पैशांतला जगप्रवास

दूरच्या प्रवासात पैसा चार वाटांनी जातो: वाहनाचे भाडे, रात्रीचा मुक्काम, पोटाची सोय आणि सरहद्द ओलांडण्याची परवानगी. गाठीला पैसा थोडा असला की यातला प्रत्येक खर्च दुसऱ्या कशाने तरी भागवावा लागतो. झटपट पोचण्याऐवजी दिवस खर्ची घालायचे, भाड्याच्या खोलीऐवजी ओळखीच्या माणसाकडे पथारी टाकायची, हॉटेलाऐवजी बरोबरचा शिधा किंवा अन्नछत्र, आणि काही वेळा तिकिटाच्या बदल्यात अंगमेहनत. परवानगीला मात्र असा पर्याय फारसा नाही. त्यामुळे आजच्या गरीब प्रवाशाची खरी अडवणूक तिथेच होते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातले नाटे हे गाव हा हिशेब समजून घ्यायला फार चांगली जागा आहे. राजापूरची खाडी समुद्राला मिळते तिथे यशवंतगडाच्या आधाराने वसलेले हे गाव. त्याला लागून साखरीनाटे हे मासेमारीचे मोठे बंदर आणि जवळच मुसाकाजी बंदर. खाडीच्या आतल्या टोकाला असलेल्या राजापुरात इंग्रजांनी १६४९ साली वखार घातली, यावरून या पाण्यातून किती दूरची जहाजे येत-जात होती हे कळते. पुढे मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी सुरू झाल्या, तेव्हा रत्नागिरी, पूर्णगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड अशा बंदरांवरून कोकणी माणूस मुंबई गाठू लागला. बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू छोट्या होड्यांतून तिच्यापर्यंत जात. बहुतेकांचे तिकीट डेकचे असे. उघड्यावर पथारी, भाकरीचे गाठोडे आणि रात्रभर वारा. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाट बंद होई. मग घाट चढून जायचे किंवा गावातच थांबायचे.

मुंबईत उतरल्यावर मुक्कामाचा प्रश्न गावानेच सोडवलेला असे. गिरणगावातल्या चाळींत एकेका गावच्या माणसांनी मिळून खोल्या घेतल्या होत्या. भाडे वाटून घ्यायचे, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, जेवण खाणावळीत. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने हीच सोय अधिक पद्धतशीर केली होती. धोबीतलावच्या परिसरात गावोगावचे ‘कूड’ उभे राहिले. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारा खलाशी किंवा खानसामा अगदी थोड्या पैशांत तिथे पेटी ठेवून राही. आज जगभरच्या शहरांत तरुणांसाठी एका खोलीत आठ-दहा खाटांची वसतिगृहे असतात, त्यांची तुलना करायची तर या खोल्यांशीच करावी लागेल. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाने आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक वसतिगृह उघडले ते १९१२ साली. मुंबईतल्या गावच्या खोल्यांना त्याच्या अनुकरणाची गरज पडली नाही.

मुंबईच्या पुढची वाटही या किनाऱ्याला ठाऊक होती. पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी आणि त्यांचे मुकादम, म्हणजे टिंडेल आणि सारंग, म्हणून रत्नागिरी किनाऱ्यावरची, विशेषतः कोकणी मुसलमान समाजातली, माणसे मोठ्या संख्येने जात. एडन, सुएझ, लंडन, सिडनी ही नावे इथल्या घरांत भूगोलाच्या पुस्तकाआधी पोचली. खिशात काही नसताना जग पाहण्याचा हा सर्वांत जुना मार्ग, पण तो सुखाचा मानू नये. आशियाई खलाशाला गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगार मिळे, आणि बंदरात उतरायला मिळणारे तासही मोजकेच असत.

ज्ञानाच्या ओढीने, जवळजवळ रिकाम्या हाताने निघालेल्या मराठी प्रवाशांत सर्वांत मोठे नाव धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींनी बुद्धाचे चरित्र ‘बालबोधमेवा’ मासिकात वाचले आणि मूळ ग्रंथ शिकायचेच असे मनात घेऊन १८९९ च्या अखेरीस घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोचले. संस्कृत शिकताना तिथे पोटाची सोय अन्नछत्रात होती. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. तिथे जे शोधत होते ते मिळाले नाही. मग बुद्धगया, कलकत्ता आणि मद्रास या मार्गाने सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकणे, श्रामणेर दीक्षा, पुढे ब्रह्मदेशातल्या विहारांत वास्तव्य. या साऱ्या काळात गुरुकुल, विहार आणि भिक्षापात्र यांच्यावर त्यांचा निर्वाह चालला. पुढे १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठी ते अमेरिकेला गेले, ते मात्र विद्वान म्हणून, बोलावण्यावरून. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा प्रवास नोंदवला आहे, आणि कमी खर्चात हिंडणाऱ्याने वाचावे असे त्याहून चांगले मराठी पुस्तक सापडणे कठीण.

कोसंबींच्या आधी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी पायी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले. ते घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. या दोन्ही प्रवासांच्या मागे एक जाळे उभे होते: धर्मशाळा, घाट, छत्रे, ओळखीची घराणी. हे जाळे सर्वांसाठी खुले नव्हते, हेही स्पष्ट सांगायला हवे. काशीची अनेक अन्नछत्रे ब्राह्मणांपुरती होती, आणि एकट्या बाईला तर या वाटेवर फारशी जागा नव्हती. शिखांच्या गुरुद्वारातला लंगर याला फार मोठा अपवाद. जात, धर्म, देश न विचारता पंगतीत बसवणारी ही व्यवस्था आज लंडनपासून व्हँकुव्हरपर्यंत चालते आणि अडल्या प्रवाशाला खरोखर जेवू घालते.

विसाव्या शतकात सायकल आली. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी १९२८ मध्ये ती पुरी केली. अंतर सुमारे ७१ हजार किलोमीटर. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातले तरुण इस्तंबूलहून तेहरान, काबूल, लाहोर करीत बसने काठमांडू आणि गोव्यापर्यंत येऊ लागले. ती वाट १९७९ साली इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानावरचे सोव्हिएत आक्रमण यांनी बंद पाडली. अलीकडे परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके यांनी २०१६ ते २०१९ या काळात बस, रेल्वे आणि ओळखीपाळखीच्या घरांतला मुक्काम यांच्या बळावर जगाला फेरी मारली.

पण कमी खर्चात देश ओलांडण्याची विद्या आज खुद्द नाटे परिसरात ज्यांना सर्वांत चांगली अवगत आहे, ती माणसे पर्यटक नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी कामगार येतात. हंगामाच्या सुरुवातीला यायचे, कलमांची आणि बोटींची कामे करायची, पावसाच्या तोंडावर परत जायचे. प्रवास गटाने, रेल्वेच्या साध्या डब्यातून. नवा माणूस जुन्याच्या भरवशावर येतो, आणि मुक्काम मालकाच्या मांगरात. भाषा येण्याआधी माणूस ओळखीचा हवा, कागद अंगावर हवेत आणि परतीचे पैसे वेगळे बांधलेले हवेत, हे तीन नियम ते काटेकोर पाळतात. परदेश प्रवासाच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात याहून उपयोगी सल्ला नाही.

हीच वाट उलट्या दिशेने धरली, तर नाटे गावातल्या साध्या कुटुंबालाही परदेश आवाक्यात येतो. नाट्याहून एसटीने राजापूर, तिथून मुंबई. किंवा राजापूर रोड स्थानकावरून कोकण रेल्वे, जी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे घरातल्या आजीला सोबत नेणे पूर्वीइतके महाग पडत नाही. मुंबईहून गोरखपूरपर्यंत थेट गाड्या आहेत. गोरखपूरहून बसने सोनौलीची सरहद्द, पलीकडे भैरहवा आणि तिथून जवळच लुंबिनी, म्हणजे बुद्धाचे जन्मस्थान. भारतीय नागरिकाला नेपाळात व्हिसा लागत नाही. ओळख पटवायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा राहतो. भारताच्या मोठ्या नोटांवर तिथे वेळोवेळी निर्बंध येतात, म्हणून शंभराच्या नोटा जास्त ठेवाव्यात. भूतानलाही व्हिसा नाही, पण भारतीयांना दर रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. चौघांच्या कुटुंबाचा आठवड्याचा हिशेब त्यातच मोडतो.

यापुढे खर्चाचे गणित बदलते. साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये. श्रीलंका, थायलंड, इंडोनेशिया यांसारखे देश भारतीयांना सहज किंवा पोचल्यावर परवानगी देत आले आहेत. हे नियम सारखे बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या वकिलातीचे संकेतस्थळ पाहणे अटळ आहे. युरोपच्या शेंगेन देशांसाठी प्रौढाला ९० युरो शुल्क, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे खातेउतारे आणि परतीचे तिकीट लागते. अर्ज नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही. ज्याच्याजवळ पैसा कमी आहे त्यालाच ‘पैसा आहे’ हे सिद्ध करावे लागते, आणि हा भेद अन्यायाचा आहे. जर्मन किंवा जपानी तरुण याच पैशांत महिनाभर हिंडतो, कारण त्याच्या पासपोर्टला बहुतेक दारे उघडी असतात.

सरहद्दीपलीकडे बचतीचे उपाय साधेच आहेत. रात्रीच्या बसने किंवा रेल्वेने गेले की एका मुक्कामाचे भाडे वाचते. वसतिगृहात स्वयंपाकघर असेल तर तांदूळ, डाळ आणि घरून नेलेला मसाला यांवर चार दिवस निघतात. देश कमी आणि मुक्काम लांब ठेवला की रोजचा खर्च आपोआप उतरतो, कारण खरा पैसा गाव बदलण्यात जातो. शेतावर किंवा वसतिगृहात काही तास काम करून जेवण आणि खाट मिळवण्याची पद्धत जगभर आहे. मात्र पर्यटक व्हिसावर असे काम करणे अनेक देशांत बेकायदा ठरते आणि पकडले गेल्यास परत पाठवले जाते. आरोग्य विमा, रेबीजच्या इंजेक्शनसारखे तातडीचे उपचार आणि परतीचे भाडे, या तीन जागी काटकसर करू नये. पासपोर्ट हरवला तर भारतीय वकिलात आणीबाणीचा दाखला देते, पण तिकिटाचे पैसे स्वतःलाच उभे करावे लागतात.

निघण्याची वेळही नाटे आणि साखरीनाटे गावांना नैसर्गिकरीत्या मिळते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तोपर्यंत आंब्याचा हंगामही आटोपलेला असतो. या दोन महिन्यांत नेपाळच्या डोंगरांत पाऊस आणि दरडी, म्हणून तिकडे जायचे तर दिवाळीनंतर, आणि तेही घरचे एखादे माणूस बोटीवर किंवा बागेत मागे ठेवून. जून-जुलैत लडाख आणि स्पिती कोरडे असतात, जावा-बालीत कोरडा हंगाम असतो, आणि श्रीलंकेचा पश्चिम किनारा भिजत असताना त्रिंकोमालीचा पूर्व किनारा कोरडा असतो. थायलंड आणि व्हिएतनामच्या बऱ्याच भागांत तेव्हा पावसामुळे गर्दी ओसरते आणि खोल्यांचे दर उतरतात. पाऊस अंगावर घेण्याची सवय असलेल्या कोकणी माणसाला ते स्वस्तातले दिवस चालण्यासारखे आहेत.