घरचा पडदा

चित्रपट पाहावयाचा म्हणजे एक तर चित्रगृहांत जावें, नाहीं तर दूरचित्रवाणीवर जें लागेल तें मुकाट्यानें पाहावें, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हीं तिसरा मार्ग पत्करला. आम्ही पेणला राहतों. आमचें आजोळ रोह्यास. दोन्हीं घरीं दूरचित्रवाणीची एकहि वाहिनी घेतलेली नाहीं. असें असतांहि दोन्हीं घरीं चित्रपट होतात. ते कसे, हें वाचकांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पडद्यावरील चित्रांचें वेड आपल्या भागास नवें नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनीं सन १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नांवानें कांचेवरील रंगीत चित्रें दिव्याच्या उजेडांत पडद्यावर हलवून दाखविलीं. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. आणि १९१३ सालीं दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे वाहिन्यांच्या पुष्कळ आधीं आपल्याकडे पडदा होता.

आमची आजी लहानपणीं यात्रेंतल्या तंबूंत ‘संत तुकाराम’ पाहून आली होती. आतां तिला चालवत नाहीं, ऐकूंहि कमी येतें. “एकदां तो तुकाराम पुन्हां पाहावा” असें ती म्हणाली, आणि आमची खटपट सुरू झाली.

प्रथम पडद्याचा विचार करूं. विकतचा पडदा नसला तरी चालतें. रोह्याच्या माजघरांतील एक भिंत आम्हीं सपाट करून तिला पांढरा, चकाकी नसलेला रंग दिला. चकाकणाऱ्या रंगानें मधोमध दिव्याचा डाग दिसतो, हें पेणच्या भिंतीवर आम्ही शिकलों होतों.

दुसरी वस्तु प्रोजेक्टर, म्हणजे चित्र भिंतीवर फेंकणारें यंत्र. त्याच्या माहितीपत्रकांत अंतर व रुंदी ह्यांचें प्रमाण दिलेलें असतें. तें १.५ असेल, तर भिंतीपासून ३ मीटरवर यंत्र ठेविल्यास २ मीटर रुंदीचें चित्र पडतें. आजकालच्या चित्राची रुंदी व उंची १६ ला ९ ह्या प्रमाणांत असते. म्हणून उंची १.१२५ मीटर, आणि क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटर होतें. यंत्राचा उजेड ‘ल्युमेन’ ह्या मापानें मोजतात. एवढ्या पांढऱ्या भिंतीवर चित्रगृहाइतकें तेज येण्यास पूर्ण काळोखांत सुमारें ३५० ल्युमेन पुरतात. मात्र रुंदी दुप्पट केली कीं क्षेत्रफळ चौपट होतें, आणि तितकाच उजेड चौपट जागेवर पसरून तेज चतुर्थांश उरतें. चित्र मोठें करण्याचा मोह आवरावा, तो ह्यासाठीं. खिडकींतून उजेड येत असेल तर कितीहि चांगलें यंत्र फिकेंच दिसतें. म्हणून आधीं जाड पडदे, मग यंत्र. यंत्र खालीं ठेवून तोंड वर केलें तर चित्राची वरची बाजू रुंद होते. यासाठीं तें भिंतीच्या समोर सरळ ठेवावें.

तिसरी गोष्ट आवाजाची. यंत्रांतला लहानसा कर्णा प्रेक्षकांच्या पाठीमागें बोलतो आणि पात्रें पुढें दिसतात. त्यानें मन चित्रांत रमत नाहीं. म्हणून दोन कर्णे पडद्याच्या दोन बाजूंस, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावे. बिनतारी जोडणींत आवाज ओठांच्या हालचालीमागून क्षणभर उशिरा येऊं शकतो. तार जोडणें बरें. आजीला शब्द कळेनात, तेव्हां आम्ही आवाज वाढवीतच राहिलों. त्यानें गोंगाट मात्र वाढला. खरें कारण फरशीवर व उघड्या भिंतींवर उठणारा प्रतिध्वनि हें होतें. जमिनीवर सतरंजी पसरली, मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, आणि आवाज कमी करूनहि शब्द स्पष्ट झाले.

चौथी गोष्ट चित्रपटांचा संग्रह. तबकडी अथवा पेनड्राइव्ह, दोन्हीं चालतात. पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ ह्या पद्धतीनें आंखलेला असेल तर ४ गिगाबाइटहून मोठी फाइल त्यांत मावत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. चोरून उतरविलेला चित्रपट घरांत आणूं नये. १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील हक्क तो प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षें टिकतो. ‘संत तुकाराम’ १९३६ चा असल्यानें तो मोकळा झालेला आहे.

पांचवी गोष्ट पावसाळा. कोंकणच्या दमट हवेंत भिंगावर बुरशी चढते. म्हणून यंत्र झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. दिव्याच्या यंत्राचा पंखा थांबेपर्यंत वीज तोडूं नये. वीज जात असेल तेथें इन्व्हर्टर हवा.

दिवा-रोहा गाडीनें पेटी घेऊन आम्ही रोह्यास गेलों. आजीनें ‘तुकाराम’ शेवटपर्यंत हात जोडून पाहिला. मग वडिलांनीं दुसरी फाइल लावली. पेणचे आमचे आजोबा गणपतीच्या मूर्तींची आंखणी करीत. ते गेले त्याच्या आदल्या वर्षीं त्यांचें दोन वेळां चित्रीकरण केलेलें होतें. पैकीं एक, फोन पावसांत भिजला तेव्हां कायमचें गेलें. उरलेल्यांत आजोबा श्वास रोखून मूर्तीचा डोळा रेखीत आहेत, एवढेंच आहे. दोन मीटरच्या भिंतीवर तो हात प्रथमच इतका मोठा दिसला. फोनवर न दिसलेला बोटांचा कंप, आणि कुंचला टेकतांच थांबणारा तो कंप, आम्हांस दिसला. आजी म्हणाली, “व्याही अगदीं असेच बसत.”

त्या रात्रींच आम्हीं त्या चित्रीकरणाच्या तीन प्रती केल्या : एक पेणला, एक रोह्यास, एक काकांकडे मुंबईस. विद्यार्थिमित्रांनो, यंत्र केव्हांहि घेतां येईल. घरांतल्या वडीलधाऱ्यांचें एखादें चित्रीकरण एकाच फोनांत पडून असेल, तर आज सायंकाळींच त्याची दुसरी प्रत करा.