स्वस्त प्लेनर इअरफोन : नाद आणि मोल

ज्या काळीं घरांत ग्रामोफोन किंवा रेडिओ आला, त्या काळीं एकच यंत्र साऱ्या कुटुंबाचे कान तृप्त करीत असे. आतां प्रत्येकाच्या खिशांत स्वतंत्र गवई बसलेला आहे, आणि त्याचें गाणें इतरांच्या कानीं पडूं नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र इअरफोन हवा आहे. माजघरांत आजोबांचें कीर्तन, आंतल्या खोलींत मुलाचा परीक्षेचा अभ्यास आणि ओसरीवर वहिनींचें नाट्यगीत हीं एकाच वेळीं सुखानें चालावयाचीं असतील, तर हें साधन केवळ चैनीचें राहिलें आहे असें म्हणतां येत नाहीं. तें गृहशांतीचें साधन झालें आहे. तेव्हां त्यावर पैसा किती घालावा हा प्रश्नही तरुणांच्या गप्पांतून उठून कुटुंबाच्या जमाखर्चाच्या वहींत येऊन बसला आहे.

गेल्या कांहीं वर्षांत ‘प्लेनर’ या जातीचे, कानांत बसणारे इअरफोन बऱ्याच कमी किंमतींत मिळूं लागले आहेत, आणि त्यांची स्तुति सर्वत्र ऐकूं येते. हें प्लेनर म्हणजे काय, त्याच्या नादांत विशेष तें काय, आणि तो विशेष त्याच्या मोलास उतरतो कीं नाहीं, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हा विचार करतांना आम्ही बीड जिल्ह्यांतील पाटोद्यासारखें गांव डोळ्यांपुढें ठेविलें आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांतील हा तालुका. गहिनीनाथगड याच तालुक्यांतला. त्यामुळें कीर्तन, टाळ आणि मृदंग यांचा नाद येथील कानांना लहानपणापासून परिचयाचा. पुण्या-मुंबईचा रहिवासी निदान एखाद्या मोठ्या दुकानांत जाऊन चार नग कानाला लावून पाहूं शकेल. तालुक्याच्या गांवीं ती सोय नाहीं. तेथें वस्तु पार्सलानें येते, आणि पैसे आधीं जातात. ज्याला आधीं ऐकतां येत नाहीं, त्यानें काय वाचावें आणि वस्तु हातीं आल्यावर ती कशी पारखावी, हें सांगणें म्हणून अगत्याचें आहे.

प्रथम रचना पाहूं. साधारण इअरफोनांत, ज्यास ‘डायनॅमिक’ म्हणतात, एक लहानसा पडदा असतो व त्याच्या मागें तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें. विजेचा प्रवाह त्या वेटोळ्यांतून वाहूं लागला कीं चुंबकाच्या ओढीनें तें मागेंपुढें हालतें आणि पडद्यालाही हालवितें. म्हणजे पडद्याला ढकलणारा जोर एका वर्तुळापुरता असतो; बाकीचा पडदा त्याच्यामागें ओढला जातो. प्लेनरमध्यें वेटोळें नसतेंच. अत्यंत पातळ पडद्यावरच धातूची नागमोडी रेघ उठविलेली असते, आणि पडद्याच्या समोर चुंबकांच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. प्रवाह त्या रेघेंतून वाहतो, आणि पडद्याच्या बहुतेक साऱ्या पृष्ठभागावर एकाच वेळीं सारखा जोर पडतो. सबंध पडदा एकजीव होऊन हालतो. त्यामुळें नादांतील विकृति कमी होते, विशेषतः खर्जाच्या भागांत.

ही कल्पना नवी नाहीं. जपानच्या यामाहा कंपनीनें १९७६ सालीं याच तत्त्वावरील ‘एचपी-१’ हा डोक्यावर घालावयाचा हेडफोन काढला होता. अडचण होती ती आकाराची. चुंबकांच्या रांगा आणि रुंद पडदा हें सारें कानाच्या पाळीआंत बसवावयाचें कसें? अमेरिकेंतील ऑडिझी कंपनीनें २०१६ सालीं ‘आयसाइन’ नांवाचे कानांत बसणारे प्लेनर काढले. त्यांतील लहान भावाचीच किंमत ३९९ डॉलर होती. पुढें चिनी कारखानदार या धंद्यांत उतरले. टिन हायफाय कंपनीचा ‘पी-१’ २०१९ सालीं आला, आणि २०२१ सालीं सेव्हन-हर्ट्झ या कंपनीचा १४.२ मिलिमीटर पडद्याचा ‘टाइमलेस’ सुमारे २२० डॉलरांस निघाला. त्यानंतर किंमती उतरणीला लागल्या त्या लागल्याच.

मोलाचा विचार करण्यास याच कंपनीचें एक उदाहरण फार सोयीचें आहे. २०२२ या एकाच वर्षीं तिनें ‘सॅलनोट्स’ या नांवाखालीं दोन इअरफोन बाजारांत आणिले. पहिला ‘डायोको’, प्लेनर, किंमत ९९ डॉलर. दुसरा ‘झीरो’, साधा डायनॅमिक, किंमत सुमारे २० डॉलर. त्या वेळच्या दरानें पहिल्याचे सुमारें आठ हजार आणि दुसऱ्याचे सुमारें सोळाशें रुपये होतात. आयातकर आणि व्यापाऱ्याचा नफा त्यावर निराळा. म्हणजे एका प्लेनरच्या पैशांत एकत्र कुटुंबांतील पांच जणांना प्रत्येकी एक इअरफोन येतो. चार जणांना वगळून एकाच्या कानांत ही रक्कम घालावयाची, तर त्याचें समर्थन नादांतच सांपडलें पाहिजे, नांवांत नव्हे.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आवश्यक आहे. महाग तें चांगलें हा नियम या व्यापारांत लागू पडत नाहीं. २०१७ सालीं ब्रीबार्ट नांवाच्या संशोधकानें २८३ हेडफोनांचीं मोजमापें तपासून पाहिलीं. किंमत आणि स्वरांचा समतोल यांत त्याला कोणताच संबंध आढळला नाहीं. खर्ज, मध्य आणि तार या स्वरांचें परस्परांशीं प्रमाण कारखानदारानें कसें राखिलें आहे, यावर ऐकण्याचें सुख मुख्यतः अवलंबून असतें. पडदा प्लेनर असो वा साधा, हें प्रमाण बिघडलें तर सारेंच बिघडलें. उत्तम सतार बेसूर लाविली तर तिच्या किंमतीनें ती सुरांत येत नाहीं, तसेंच हें आहे. केवळ ‘प्लेनर’ हा शब्द डबीवर पाहून भुलणाराच्या वांट्यास ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ असा अनुभव येण्याचा पुष्कळ संभव आहे.

हें प्रमाण ज्यांत दिसतें तो आलेख बहुतेक चर्चित इअरफोनांचा पाहावयास मिळतो. तो कसा वाचावा? माणसाच्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटीमीटर लांब असते, आणि उघड्या कानांत अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास ती नाद आपोआप वाढविते. इअरफोनानें कान बंद होतांच ही नैसर्गिक वाढ नाहींशी होते. म्हणून चांगल्या इअरफोनाच्या आलेखांत तीन हजारांजवळ एक चढ असलाच पाहिजे. तो नसेल तर गाणारा माणूस घोंगडी पांघरून गात आहे असें वाटेल. खर्जाकडे, म्हणजे दोनशें हर्ट्झच्या खालीं, रेघ थोडी वर चढलेली बहुतेकांस आवडते. मात्र आठ हजारांच्या पुढील रेघेवर फार विश्वास ठेवूं नये. त्या ठिकाणीं मोजणाऱ्या यंत्राच्या कृत्रिम कानाचा स्वतःचा घुमारा मिसळतो, आणि प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असल्यामुळें तेथें एकाचा अनुभव दुसऱ्यास लागू पडत नाहीं. दुर्दैवानें या जातीच्या स्वस्त इअरफोनांत जो दोष वारंवार दिसतो, तो याच वरच्या भागांतला असतो. म्हणून येथें ‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ हेंच धोरण बरें.

वस्तु हातीं आल्यावर परीक्षा कशी घ्यावी? परत करण्याची मुदत किती, हें आधींच पाहून ठेवावें आणि त्या मुदतींत घरांतील जुना इअरफोन शेजारीं ठेवून दोन्ही ऐकावे. दोहोंचा आवाज सारखा केल्यावांचून तुलना करूं नये; जो किंचित् मोठा वाजतो तो चांगला आहे असें कानाला फसवें भासतें. परीक्षेला परदेशी गाण्यांची गरज नाहीं. आपल्या घरांतील चार नाद पुरे आहेत.

पहिला नाद तंबोऱ्याचा. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्यांत मूळ सुराभोंवतीं उपस्वरांचें एक तेजोवलय फिरत असतें. इअरफोनांत तारस्वर कमी असतील तर तें वलय विझतें आणि नुसता घूंकार उरतो. जास्त असतील तर झणकार सुरापासून सुटून वेगळाच कानाला टोंचूं लागतो. दुसरा नाद पखवाजाचा. ज्या बाजूला कणीक लावितात त्या धुमेचा आघात, त्याचा घुमारा आणि त्याचें विरणें हीं तीन वेगवेगळीं ऐकूं आलीं पाहिजेत. येथें चांगला प्लेनर आपलें पाणी दाखवितो. खर्ज खोल जातो, पण पसरत नाहीं. मात्र छातींत धक्का बसावा अशी ज्यांची आवड आहे, त्यांना साधा डायनॅमिकच अधिक रुचेल असें आमचें मत आहे.

तिसरा नाद टाळांचा. दहा-वीस टाळ एकदम वाजत असतां कीर्तनकाराचा शब्द त्यांत बुडतो कीं वर राहतो, हें पाहावें. चौथी आणि सर्वांत कठीण परीक्षा आपल्या मातृभाषेची. मराठींत च दोन आहेत : ‘चाक’ या शब्दांतला एक आणि ‘चहा’ या शब्दांतला दुसरा. पहिला दांतांजवळचा, अधिक बारीक. दुसरा टाळूचा, अधिक भरीव. एखादें व्याख्यान किंवा प्रवचन लावून हे दोन्ही च आपापल्या जागीं स्पष्ट उमटतात कीं नाहीं हें ऐकावें. वरचे स्वर भडक असलेल्या इअरफोनांत दोन्ही च सीत्कार करूं लागतात, आणि पंधरा मिनिटांत डोकें शिणतें. असा नग नांवाजलेला असला तरी परत पाठवावा.

परीक्षेपूर्वीं कानांतील रबरी टोपी मात्र बरोबर बसली पाहिजे. ती सैल असली कीं खर्ज गळून जातो, आणि दोष नसतां यंत्राला दोष येतो. प्लेनरचा पडदा रुंद असल्यामुळें त्याची डबीही मोठी असते. लहान कानांच्या स्त्रियांनीं व मुलांनीं हें लक्षांत घ्यावें. टोप्या ज्याच्या त्यानें वेगळ्या ठेवाव्या आणि धुवाव्या. दंतमंजनाची कुंचली जशी आपण सामाईक वापरीत नाहीं, तशीच हीही वस्तु. तार सुटी करतां येणारी असावी, कारण बहुधा प्रथम तुटते ती तारच.

आणखी एक खर्च पुष्कळ जण विसरतात. प्लेनरला साध्या इअरफोनापेक्षां बहुधा अधिक वीज लागते, आणि आजच्या कित्येक फोनांना तार जोडण्याचें भोंकच नसतें. तेव्हां फोनाला जोडावयाचा बोटाएवढा रूपांतरक निराळा घ्यावा लागतो. त्याची किंमत मूळ हिशेबांत आधींच धरावी. मात्र प्लेनरचा विद्युत्-रोध सर्व स्वरांना जवळजवळ सारखाच असल्यामुळें साधन बदललें तरी त्याचा समतोल ढळत नाहीं. हा गुण त्याच्या पदरांत टाकणें न्याय्य आहे.

आरोग्याची बाजू याहून महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसांनीं ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यांतून ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलांनीं चढला कीं सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलांवर आठवड्याचे चारच तास उरतात. साधा इअरफोन मोठा केला कीं फाटूं लागतो व आपण हात आवरतों. प्लेनर मोठ्या आवाजांतही स्वच्छ राहतो, म्हणून त्याच्या बाबतींत हात आवरण्याचें काम आपल्यालाच करावें लागतें. ज्या वडील माणसांस ऐकूं कमी येतें, त्यांना मोठा आवाज हा उपाय नव्हे. त्यांनीं आधीं कानांची तपासणी करून घ्यावी. दुचाकीवर आणि रस्त्यांत कान बंद ठेवूं नयेत, हें सांगावयास नकोच.

आतां निर्णय. घरांत मुख्यतः कीर्तन-प्रवचन, अभ्यासाचीं व्याख्यानें आणि जुन्या तबकड्यांवरील गाणीं ऐकिलीं जात असतील, तर प्लेनर घेऊं नये. अब्दुल करीम खांसाहेबांचें १९३७ सालीं निधन झालें. त्यांच्या तबकड्यांत गळ्याची सारी करुणा आहे, पण वरच्या स्वरांच्या जागीं बहुतेक सुईची खरखर आहे. तेथें उत्तम इअरफोन खांसाहेबांना जवळ आणीत नाहीं, खरखरीला आणतो. अशा घरीं सोळाशें-दोन हजारांचा, समतोल चांगला राखलेला साधा इअरफोन पुरेसा आहे, आणि उरलेल्या पैशांत आणखी चौघांची सोय होते.

ज्या घरांत कोणी तबला-पखवाज शिकत आहे, किंवा अलीकडचें स्वच्छ ध्वनिमुद्रण रोज तासभर लक्ष देऊन ऐकत आहे, तेथें सुमारें आठ हजारांचा प्लेनर वाजवी आहे. हाताखालीं धरलेला ठेका शिकणाऱ्याला प्रत्येक बोलाचा आरंभ आणि अंत वेगळा ऐकूं येणें हा त्याच्या विद्येचाच भाग आहे; तो खर्च चैनीच्या सदरांत मांडण्याचें कारण नाहीं. त्याच्या दुप्पट किंमतीचा घेतल्यास नाद दुप्पट होत नाहीं; फार तर बारीकसारीक सुधारणा पदरांत पडते, आणि तीही ठरलेली नाहीं. अगदीं स्वस्त, चार हजारांच्या आंतील प्लेनरही आतां मिळतात; पण त्या किंमतींत समतोल साधलेला डायनॅमिक सोडून केवळ नांवासाठीं प्लेनर घेणें शहाणपणाचें नव्हे.

पार्सल दारांत आलें म्हणजे डबीवरचे शब्द बाजूला ठेवावे, तंबोरा लावावा, आणि घरांतील ज्याचा कान सर्वांत तयार आहे त्याच्या हातीं तो इअरफोन द्यावा. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील भेद त्याला सुखानें ऐकूं आला, तर पैसे सत्कारणीं लागले असें खुशाल समजावें.