कुंडीतली कोथिंबीर

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना वाटेत तळेगाव दाभाडे लागते. तेथून जवळच, इंद्रायणीच्या काठी, आंबी नावाचे गाव आहे. आज या परिसरात कारखाने आणि महाविद्यालये उभी राहिली आहेत. तरी पावसाळ्यात त्या बाजूस गेल्यास भाताची हिरवी खाचरे दृष्टीस पडतातच. मावळ हा मुळी भाताचाच मुलूख. याच तालुक्यातील वडगाव येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली भाताची एक सुवासिक जात बाहेर पडली, आणि तिला या नदीचेच नाव मिळाले. इंद्रायणी तांदूळ तुम्ही खाल्लाही असेल.

आंबी हे माझे आजोळ. सातवीच्या वर्षी मी तेथे आजीजवळ राहत होतो. भाताच्या या गावात मी माझी पहिली कोथिंबीर पेरली आणि ती बुडवली. 'बुडवली' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे.

आजीजवळ पत्र्याचा एक लहान डबा होता. त्यात घरचे धणे असत. दरवर्षी थोडे पेरावयाचे, चार रोपे न कापता तशीच ठेवावयाची, आणि त्यांचे धणे वाळवून पुन्हा त्याच डब्यात भरावयाचे, असा क्रम तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आला होता. त्या वर्षी मात्र डब्यात दोनच मुठी धणे उरले होते. कारण आदल्या हंगामात शेजारच्या शेळीने परसातला वाफा फस्त केला होता. आषाढात कोथिंबीर महाग झाली, तशी मी आजीकडे हट्ट धरला. तिने एक मूठ धणे माझ्या ओंजळीत टाकले आणि म्हणाली, "जपून हं. एवढंच बियाणं राहिलंय आपलं."

मी काय केले ते सांगतो. तेलाचा एक रिकामा डबा घेतला. भाताच्या खाचरातली काळी चिकण माती त्यात दाबून भरली. दोन-दोन पेरे खोल बोट खुपसून अख्खे धणे आत सोडले, आणि डबा अंगणात, बरोबर वळचणीखाली ठेवला. बाहेर पाऊस कोसळत होता, तरीही सकाळ-संध्याकाळ मी तांब्याभर पाणी घालीतच होतो. पंधरा दिवस झाले. एकही कोंब दिसेना. शेवटी माती उकरून पाहिली, तो कुबट वास आला. धणे मऊ होऊन कुजले होते. आजीने डब्यात डोकावून पाहिले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आरं, तू धनं पेरलंस का भात लावलास?"

तिच्या या एका प्रश्नात सगळे वनस्पतिशास्त्र होते. मला ते फार पुढे उमगले. मुळांना पाणी लागते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु मुळांना हवाही लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुळे जिवंत असतात, आणि जे जिवंत आहे ते श्वास घेते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा राहते. पाणी तुंबले की त्या सर्व पोकळ्या पाण्याने भरून जातात आणि हवेस जागाच उरत नाही. मग बी किंवा मूळ गुदमरते, आणि बुरशीचे फावते. भाताची गोष्ट निराळी. त्याच्या खोडात आणि मुळांत हवा वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांसारख्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून खाली मुळांपर्यंत पोहोचते. म्हणून भात गुडघाभर पाण्यातही सुखाने उभा राहतो. कोथिंबिरीपाशी अशी सोय नाही. मावळातला जो पाऊस भाताला तारतो, तोच कोथिंबिरीला मारतो. पावसाळ्यात तिची जुडी महाग का होते आणि थंडीत स्वस्त का होते, याचे एक मोठे कारण येथेच आहे. भाजीवाल्या मावशी हिवाळ्यात चार काड्या वर फुकट टाकतात, आणि श्रावणात त्याच काड्या मोजून देतात. यात त्यांचा काही दोष नाही.

आता स्वतः धण्याकडे पाहू. एक धणा तळहातावर घ्या. त्याच्या अंगावर उभ्या रेघा दिसतील. आपण ज्याला बी म्हणतो, ते वास्तविक कोथिंबिरीचे वाळलेले फळ आहे. त्याच्या दोन फाका एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि प्रत्येक फाकेत एक बी असते. म्हणजे एका धण्यातून दोन रोपे निघू शकतात. अख्खा धणा पेरला, तर कठीण टरफलातून पाणी आत शिरण्यास वेळ लागतो. म्हणून शेतकरी पेरण्यापूर्वी धणे वहाणेच्या तळव्याखाली किंवा फळीखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका करतात. घरी हे काम वाटीच्या बुडाने करता येते. मात्र जोर बेताचाच लावावा. आपल्याला फाका हव्या आहेत, धण्याची पूड नको.

हे फळ टिकाऊही मोठे. इजिप्तमधील तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली सापडली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या राजाबरोबर ज्या वस्तू ठेवल्या होत्या, त्यांत धणेही होते. ते रुजण्याजोगे नव्हते, हे सांगावयास नको. बियांतला जीव काही वर्षेच टिकतो. म्हणून स्वयंपाकघरातले धणे पेरावयाचे असतील, तर दहा-बारा धणे आधी ओल्या फडक्यात गुंडाळून पाहावेत. निम्म्यांना मोड आले, तरी कामास हरकत नाही. बियाणे म्हणून दुकानात मिळणाऱ्या पुडीतल्या धण्यांना कधीकधी औषध लावलेले असते. ते चुकूनही तोंडात घालू नयेत.

घटस्थापनेच्या दिवशी आजीने उरलेली मूठ काढली. देवापुढे घट बसवून झाल्यावर ती म्हणाली, "आता तुझा घट बसव." या वेळी ती माझ्याजवळ बसून होती. आम्ही रुंद तोंडाची कुंडी घेतली. वीतभर खोली कोथिंबिरीस पुरते. तिच्या तळाला भोक होते. त्यावर फुटक्या कौलाचा तुकडा असा ठेवला, की पाणी जावे पण माती जाऊ नये. दोन वाटे बागेतली भुसभुशीत माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि एक वाटा वाळू एकत्र कालवून कुंडी भरली. वर दोन बोटे जागा मोकळी ठेवली. रगडलेले धणे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी निथळून घेतले होते. ते बोटभर अंतरावर पसरून त्यांवर जेमतेम अर्धा इंच माती भुरभुरली. तांब्याने पाणी ओतले असते, तर माती वाहून धणे एका कोपऱ्यात गोळा झाले असते. म्हणून आजीने हाताने पाणी शिंपडले. कुंडी पडवीच्या कडेला ठेवली. तेथे सकाळचे ऊन चार-पाच तास येई आणि वळचणीची धार मात्र लागत नसे.

पाणी केव्हा घालावे, यासाठी आजीचा एकच नियम होता: मातीत बोट घालून पाहावयाचे. वरचा थर कोरडा लागला तर पाणी द्यावयाचे, ओला लागला तर हात मागे घ्यावयाचा. मला हा हात मागे घेणेच सर्वांत जड गेले. घटातले धान्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आले. माझी कुंडी उघडीबोडकीच होती. आठव्या दिवशी मी पुन्हा माती उकरावयास निघालो, तेव्हा आजीने माझे मनगट धरले. दसऱ्याच्या दिवशी सकाळी पाहिले, तर पाच-सहा ठिकाणी माती किंचित उचलली गेली होती, आणि दोन दिवसांत सगळ्या कुंडीवर हिरवी लव आली.

प्रथम येणारी दोन पाने लांबट असतात; ती पाहून 'हे तर गवत!' असे वाटते आणि नवखा माणूस ती उपटून टाकतो. धीर धरल्यास त्यांच्यामागून कातरलेल्या कडांचे, पंख्यासारखे पान येते, आणि ते चुरगाळताच ओळखीचा वास येतो. रोपे फार दाट झाली असतील, तर काही काढून घ्यावीत. ती आमटीत टाकता येतात. वीतभर वाढ होण्यास सुमारे चाळीस दिवस लागतात. बाजारातली जुडी मुळांसकट उपटलेली असते, पण घरी तसे करण्याचे कारण नाही. बाहेरची पाने कात्रीने कापावी आणि मधला कोंब राखावा. म्हणजे आणखी एक-दोनदा पाने मिळतात. दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुंडीत चिमूटभर धणे पेरीत गेल्यास घरात कोथिंबीर खंडत नाही.

पुढे एक दिवस मधूनच उंच दांडा निघतो, आणि वरची पाने शेपूसारखी बारीक होतात. उन्हाळ्यात हे फार लवकर घडते. मग झाडाचे सारे लक्ष फुलांकडे लागते, आणि पानांचा स्वादही कमी होतो. फुले पांढुरकी, फिकट गुलाबी असून उघडलेल्या छत्रीसारख्या झुबक्यांत येतात. गाजर, जिरे, ओवा, बडीशेप आणि शेपू यांचा फुलोराही असाच असतो, कारण ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत.

या कुळातील एक परदेशी भावंड म्हणजे पार्सली. तिचे मूळ भूमध्य समुद्राच्या आसपासचे. पण आता पुण्याच्या भाजीबाजारातही ती दिसते. कोथिंबिरीची लागवड साधली की पार्सली लावून पाहावी. रीत बहुतेक तीच. फक्त धीर दुप्पट हवा. तिचे बी रुजण्यास तीन-चार आठवडेही लागतात, कारण त्या बियांत रुजण्याला अडवून धरणारी द्रव्ये असतात. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिल्यास त्यांचा जोर थोडा कमी होतो. इंग्लंडात जुने लोक म्हणत, की पार्सलीचे बी सैतानाकडे अनेक खेपा घालून मगच वर येते! एकदा रुजल्यावर मात्र ती दीर्घकाळ पाने देते, कारण बहुधा पहिल्या वर्षी ती फुलतच नाही. तिचे मूळ गाजरासारखे सरळ खोल जाते. म्हणून तिला कोथिंबिरीहून खोल कुंडी द्यावी, आणि रोप उपटून दुसरीकडे लावू नये.

त्या वर्षी दिवाळीपासून आमच्या घरी कुंडीतली कोथिंबीर होती. सहा रोपांना आजीने कात्री लावू दिली नाही. त्यांच्या फुलांवर मधमाश्या येत, आणि शेळीवर मी पाळत ठेवीत असे. माघात धणे पिवळे पडू लागले, तेव्हा आम्ही झुबके कापले, सावलीत वाळविले आणि सुपात चोळून पाखडले. आजीने ते डब्यात भरले आणि डबा हलवून पाहिला. तीन मुठी भरल्या होत्या.